अनुभव धागा : गृहकर्ज देताना बँकेने तुमची ऐपत कशी मोजली?

मंडळी, फ्लॅट पसंत पडतो, टोकन देऊन होतं आणि मग कळतं की धरून चाललो तेवढं कर्ज बसतच नाही. तुमच्या बाबतीत कात्री कुठे लागली? आकड्यांसकट लिहा. व्याजदरांची तुलना इथे नको.

पिंपरी, नोकरी
हातात पगार ८०,०००. बँकेने सगळे हप्ते मिळून निम्म्यापर्यंत, म्हणजे ४०,००० धरले. त्यातून गाडीचा ११,००० चा हप्ता वजा. उरले २९,०००. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज ३३ लाखांच्या आसपास. गाडी नसती तर ४६! गाडीचं कर्ज आधी फेडून टाकलं आणि पुन्हा अर्ज केला.

इचलकरंजी, दुकान
उलाढाल ६० लाख, पण सीएने आयकराच्या ४४एडी कलमाखाली (उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरायची सोय) ८% नफा दाखवलेला. कागदावर महिन्याला फक्त ४०,०००. मॅनेजर दुकानात येऊन चहा पिऊन गेले, गिऱ्हाइकांची गर्दी बघून गेले, मोजलं मात्र रिटर्नवरच. पुढच्या रिटर्नांत नफा वाढवून दाखवला, कर भरला. घर लांबलं.

नाशिक, वय ५२
पगार चांगला, पण निवृत्ती ६० ला. आठच वर्षांची मुदत, त्यामुळे लाखाला १,४४० च्या घरात हप्ता. नोकरीला लागलेल्या मुलाला सहकर्जदार केल्यावर गाडं पुढे सरकलं.

कर्ज विभागात काम करते
वर आलेली ५०% ची रेघ सगळीकडे सारखी नसते, मोठ्या पगाराला सैल होते. लोक सिबिलचा, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा, आकडाच धरून बसतात. मी आधी बँक स्टेटमेंट उघडते. परत गेलेला हप्ता दिसला की कारण विचारते. कार्डावर थकबाकी असेल तर तिचाही काही भाग हप्ता म्हणून धरतो. आणि मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिला असाल तर तेही सिबिलच्या अहवालात दिसतं, लपवू नका. ऐपत असली तरी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहेच: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९०%, ७५ लाखांपर्यंत ८०%, त्यावर ७५%.

पुणे
ही मर्यादा आम्हाला भोवली. ७० लाखांच्या फ्लॅटला ५६ लाख मिळाले. खिशातले १४ लाख, वर ७% मुद्रांक शुल्क ४ लाख ९० हजार, नोंदणीचे ३०,०००. मुद्रांक कर्जात धरत नाहीत हे बिल्डरच्या पोराने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

लंडनजवळून
इथे उत्पन्नाच्या साधारण साडेचार पट ही ढोबळ रेघ. पण आम्हाला जास्त खोदून विचारलं ते मुलीच्या पाळणाघराच्या फीबद्दल. पुढे दर चढला तर झेपेल का, तेही तपासलं. ठाण्यातल्या भावाला शाळेच्या फीबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. तिथे कुणाला विचारलं होतं का?