शेवट आधीच ठरलेला! 'इन्जस्टिस'चं कॉमिक खेळाशिवाय उभं राहतं का?

टिळकवाडी_वाचक
'इन्जस्टिस: गॉड्स अमंग अस' हा हाणामारीचा गेम एप्रिल 2013 चा. टॉम टेलरनं लिहिलेलं त्याचं कॉमिक त्याआधीच, जानेवारीत, डिजिटल भागांत सुरू झालं. खलनायक जोकरच्या कपटानं सुपरमॅनच्या हातून त्याची गरोदर बायको लॉइस मरते, तिचं हृदय थांबताच अणुबॉम्ब फुटून त्याचं शहर मेट्रोपोलिस बेचिराख होतं. गेम तिथून पाच वर्षं पुढं उडी मारतो, कॉमिक ती पाच वर्षं, एकेका वर्षाची मालिका करून, भरून काढतं.
माझं मत स्पष्ट आहे. गेम कधी हातात न घेतलेल्यानंही पहिलं वर्ष वाचावं. बेळगाव-खानापूरकडच्या वाचनालयांत कॉमिकचं कपाट असेल तर ते तिथं हवंच.

निपाणी_कट्टा
पटलं नाही बघा. ही गेमची जाहिरात आहे. गेम सुरू होताना सुपरमॅन हुकूमशहा होऊन गादीवर आणि बॅटमन त्याच्याविरुद्ध बंडात असायलाच हवा, म्हणून पाच वर्षं दोघांपैकी कुणालाच जिंकू देता येत नाही. दुसऱ्या वर्षी ग्रीन लँटर्नांचं, म्हणजे अंतराळातल्या अंगठीधारी रक्षकांचं युद्ध, तिसऱ्या वर्षी मांत्रिक कॉन्स्टंटाइन आणि जादू, चौथ्या वर्षी ऑलिंपसचे ग्रीक देव. दरवेळी नवी फौज येते नि निकाल तिथंच राहतो. तिसऱ्या वर्षाच्या मध्यात लेखक टेलर गेला, त्याच्या जागी ब्रायन बुचेलाटो आला. त्यानंतर हे फार जाणवतं.

खानापूर_गडी
शेवट माहीत आहे म्हणून गोष्ट पडते, हे कसं ओ? इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडात 26 जानेवारी 1831 ला फाशी झाली, हे आपल्याकडं पोरासोरांना ठाऊक आहे. तरी त्याची गाणी लोक रात्र जागून ऐकतात की! 'काय झालं' हे कळलेलं असतं, कान लागलेले असतात ते 'कसं झालं' याकडं.
इथंही तसंच. नाइटविंग म्हणजे मुळात बॅटमनचा जुना साथीदार डिक, पण गेममध्ये त्या वेषात बॅटमनचा मुलगा डेमियन दिसतो. का, ते कॉमिक सांगतं. आर्कहॅम या वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळातल्या झटापटीत डेमियन रागानं काठी फेकतो, ती डिकच्या डोक्याला लागते, डिक दगडावर पडतो आणि त्याची मान मोडते. पोराचा क्षणभराचा राग! खलनायकाचा त्यात हात नाही. हे खूप चांगलं लिखाण आहे.

निपाणी_कट्टा
दादा, रायण्णाची फाशी हाच त्या कथेचा शेवट, आणि तो गाण्यातच ऐकायला मिळतो. इथं शेवट दुसऱ्या दुकानात आहे. पाचही वर्षं वाचलीत तरी सुपरमॅनचा पाडाव त्यांत नाही, तो गेममध्ये आहे. हा फरक लहान नाही.

टिळकवाडी_वाचक
मुद्दा बरोबर आहे, पाच वर्षांच्या बाबतीत मी तो मानतो. म्हणूनच पहिल्या वर्षावर थांबा म्हणतोय. त्याला स्वतःचा कळस आहे आणि तो गेमच्याच एका अडचणीतून निघालाय. हाणामारीच्या गेममध्ये जोकरची साथीदार हार्ली, जी साधी माणूस आहे, तिलासुद्धा सुपरमॅनला ठोसा मारता यायला हवा. गेमनं त्यासाठी हाडं-स्नायू कणखर करणारी गोळी काढली. टेलरनं ती गोळी चोरायची मोहीमच कथेच्या शेवटी ठेवली. त्यात बॅटमनच्या बाजूचा तिरंदाज ग्रीन ॲरोचा जीव जातो, बॅटमनचा कणा मोडतो आणि गोळी घेऊन सुपरमॅनला बडवतो कोण, तर बॅटमनचा म्हातारा नोकर आल्फ्रेड. गेम न खेळलेल्यालाही ही पानं भिडतात.

शहापूर_छपाई
मांडणीचंही बोला. डिजिटल पान आडवं, म्हणजे छापील पानाच्या अर्ध्याएवढं. छापताना अशी दोन एकावर एक रचली, म्हणून उंच उभी चौकट फारशी सापडत नाही. पहिल्या वर्षाचे 36 डिजिटल भाग, तीन-तीन मिळून 12 छापील अंक. प्रत्येक भागाच्या शेवटी एक ओढ ठेवलेली, त्यामुळं एका अंकात तीनदा दम लागतो. मोबाइल आडवा धरून एकेक भाग वाचला की लय बरोबर बसते. सलग छापील वाचताना तीच लय धक्के देते, आणि दोष लेखकाच्या माथी जातो. चित्रकारही मध्येच बदलतात, चेहरे सारखे राहत नाहीत. हा खरा दोष.

निपाणी_कट्टा
आल्फ्रेडचा प्रसंग जोरदार आहे, त्यात वाद नाही. पहिलं वर्ष घ्या, पुढचे खंड वर्गणीतून घेऊ नका. आणि मुलांच्या रांगेत तर मुळीच ठेवू नका. सुरुवातीलाच गरोदर बाईचा मृत्यू आहे आणि सुपरमॅनचा हात जोकरच्या छातीतून आरपार जातो. वरच्या फळीवर, मोठ्यांच्या नावावरच द्यावं.

खानापूर_गडी
फळीचं मान्य. दुसऱ्या वर्षाचं मात्र नाही. नायिका ब्लॅक कॅनरी सुपरमॅनवर क्रिप्टोनाइटची, म्हणजे त्याला घातक असलेल्या दगडाची, बंदुकीची गोळी झाडते, तो प्रसंग वाचल्याशिवाय ते वर्ष नाकारू नका.