मदत हवी आहे: मालगाड्यांपायी रखडणाऱ्या मेमूचं निवेदन कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. वसई रोड–दिवा–पनवेल मार्गाच्या प्रवाशांसाठी एक निवेदन लिहितोय, जाणकारांची मदत हवी आहे.

या मार्गावर मेमू (कमी अंतराच्या, विजेवर चालणाऱ्या प्रवासी गाड्या) मोजक्याच. जेएनपीटीकडचे (न्हावा-शेवा बंदराकडचे) कंटेनर घेऊन जाणाऱ्या मालगाड्याही याच रुळांवरून जातात. एक मेमू चुकली की पुढचीची वाट बघण्यात बराच वेळ जातो. परवा मधल्या स्टेशनात आमची गाडी थांबली आणि शेजारून मालगाडीचा डब्यामागून डबा धडधडत गेला. समोरच्या काकू जेवणाचा डबा मांडीवर घट्ट धरून सारखं घड्याळ बघत होत्या. कामावर खाडा लागायची भीती.

भरलेली मालगाडी एकदा थांबवली की पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो, मागचा सेक्शन (रुळांचा टप्पा) अडतो, हे मला समजतं. पण लूपमध्ये (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) कोणती गाडी थांबणार, हे ठरतं कसं? रेल्वेच्या कंट्रोलमध्ये (जिथून गाड्यांची ये-जा ठरवतात) काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर सांगा.

दुसरं, जेएनपीटी ते उत्तर प्रदेशातलं दादरी हा १५०६ किमीचा स्वतंत्र मालवाहू मार्ग पूर्ण वापरात आला की इथल्या किती मालगाड्या खरोखर कमी होतील? त्या जागी जास्त मेमू मागायच्या, तर मागणी नेमक्या कोणत्या शब्दांत मांडावी? रेल्वेच्या विभागीय सल्लागार समितीपुढे (जिथे प्रवाशांचे प्रश्न मांडता येतात) असा विषय कुणी नेला असेल तर अनुभव जरूर कळवा.