डान्स फिल्म, बजेट बारा हजार: कॅमेरा भाड्याने घ्यावा की फोनवरच करावं?

मुक्ता_सातारा:
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण मिळून सहा-सात मिनिटांची डान्स फिल्म करतोय, विषय मुलगी बघण्याचा कार्यक्रम. एक भरतनाट्यमवाली, दोघी कंटेम्पररी, एक मित्र लावणी करतो, आणि एक जण शूट-एडिट. संवाद एकही नाही. ट्रे घेऊन बाहेर येणं, पदर सावरणं, नजर खाली, "जरा चालून दाखव बाळ", ह्याच हालचालींचा नाच बसवलाय. ट्रेमधले कप थरथरतात तो आवाज सुरुवातीला ठेवायचाय. नंतर तोच सगळा क्रम आमचा मित्र करतो, कारण लावणी करतोस मग तुला मुलगी कोण देणार हे त्याला घरात रोज ऐकावं लागतं. बजेट बारा हजार, जेवण-पेट्रोल धरून. जागा आजोळचा वाडा, वाईजवळ. कॅमेरा, लाइट, गाणं, तिन्हीबद्दल सांगा.

निलेश_फ्रेम्स:
गिंबल (चालताना फोन न डगमगू देणारा दांडा) घ्या डोळे झाकून. माझ्याकडे डीजेआयचा ऑस्मो मोबाइल आहे, हळदी, गणपती, बहिणीचं अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला एकल कार्यक्रम) सगळं त्यावरच केलंय, लोक विचारतात कुठला कॅमेरा. नाच म्हटलं की कॅमेरा हललाच पाहिजे.

पुणेरी_लेन्स:
बारा हजारात हौस होते, फिल्म नाही. किमान पस्तीस धरा. सोनीचा फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, एक ३५ मिमी आणि एक ८५ मिमीची लेन्स, आणि फोकस बघायला वेगळा माणूस. वाड्यात अंधार असतो, फोन तिथे मार खातो.

मुक्ता_सातारा:
दादा पस्तीस नाहीयेत, बारा आहेत.

कराडचा_सुहास:
भाड्याचा कॅमेरा असेल तर नेण्याआधी दुकानातच पाच मिनिटं रेकॉर्ड करून बघा. आम्हाला एकाने फुगलेली बॅटरी दिली, दुपारीच बंद, वर डिपॉझिट पण अर्धं कापलं. चार्जर, कार्ड, लेन्सचा फोटो काढून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, मगच उचलायचं.

वंदना_कुलकर्णी:
अगं मुक्ता, कॅमेऱ्याचं सोड, आधी जमीन बघ. शहाबादी फरशीवर दिवसभर नाचलात तर गुडघे आणि टाचा जातील. सतरंजी टाकू नका, सरकते. शेणाने सारवलेली ओसरी असेल तर उत्तम, फक्त पूर्ण वाळू दे. माझी लेक सात वर्षांची असल्यापासून शिकतेय, तिच्या कार्यक्रमाला आम्ही तीन कॅमेरे लावले होते, फार सुंदर झालं.

ढोलकी_प्रेमी:
मुलाला लावणी करायला लावताय ते हसण्यासाठी नको. तमाशात नाच्या पिढ्यान्‌पिढ्या आहे, पुरुषाने लावणी करणं ही काही आजची फॅशन नाही.

अनघा_जी:
परंपरा आहे हे मान्य, पण फडावर टाळ्या आणि गावात टिंगल हेही तेवढंच जुनं आहे. मुक्ताचा मित्र तेच म्हणतोय ना? त्याला साडी नेसवू नका, रोजच्या शर्ट-पँटवर फक्त चाळ बांधा. मग बघणाऱ्याला अंगातली लावणी दिसेल, सोंग नाही.

ढोलकी_प्रेमी:
चाळ आणि शर्ट हे लावणीला शोभत नाही. नऊवारीशिवाय लावणीची ऐट येतच नाही.

वायरमन_दीपक:
लाइटचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, व्हिडिओत पट्टे पळतात. फोन ऑटोवर ठेवू नका. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे, त्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० सेकंद लॉक करा. स्लो मोशन सेकंदाला १२० फ्रेमवर घ्यायचं तर दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली नाही. वाड्यात चौकातून उजेड पडतो तो वापरा, समोरून पांढरा थर्माकोल धरा, झालं काम.

निलेश_फ्रेम्स:
लाइट महत्त्वाची आहेच. पण गिंबल पाहिजेच.

सोहम_एडिट:
गाण्याचं सांभाळा. जुनं आहे म्हणून फुकट नसतं. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगवर हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पारंपरिक ओवी तुम्ही स्वतः गायलीत तर चालेल, पण तीच ओवी कोणाच्या अल्बममधून उचलली तर रेकॉर्डिंग त्यांचं. आणि चाळांचा आवाज नंतर शांत खोलीत वेगळा घ्या, नाचताना फोनवर घेतलेला कर्कश येतो. एडिटला दाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे.

फिल्मसोसायटी_नाशिक:
अमेरिकेतल्या प्रायोगिक दिग्दर्शिका माया डेरेनची १९४५ ची तीनेक मिनिटांची फिल्म बघा, ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’. नाचणारा जंगलात पाय उचलतो आणि पाय टेकतो तो घरातल्या खोलीत. सगळी जादू त्या एका कटमध्ये. तुमच्याकडे पण मुलगी उंबऱ्यावर पाऊल उचलेल आणि टेकेल मित्राचं. भरपूर कट्स ठेवा.

पुणेरी_लेन्स:
हेच म्हणतोय, त्यासाठी दोन लेन्स लागतात.

वंदना_कुलकर्णी:
आणि पाच जणांत कोणाचं नाव कुठे येणार, फिल्म कुठे पाठवायची हे कुणी ठरवायचं, हे आत्ताच लिहून काढा गं. मैत्री ह्यावरून तुटते.

मुक्ता_सातारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पाचही जण बसलो आणि ठरलं. कॅमेरा भाड्याने नाही, गिंबल नाही. फोन ट्रायपॉडवर, पाहुणे ज्या बैठकीवर बसतात तिथेच, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती मंडळी जागची हलत नाहीत, हलायचं काम मुलीचं, म्हणून कॅमेरा पण हलणार नाही. अख्ख्या फिल्ममध्ये कट एकच, उंबऱ्यावरचा. गाणं नाही. साताऱ्यातले एक हलगीवाले आणि एक ढोलकीवाले काका यायला तयार आहेत, बारातले आठ हजार त्यांना, कारण ते दिवसभर आमच्यासोबत वाजवणार आहेत. मित्र शर्ट-पँटवरच नाचेल, त्यालाच तसं हवंय. श्रेयाचा कागद आज लिहितोय.

निलेश_फ्रेम्स:
स्थिर कॅमेऱ्यावर लोक दहा सेकंदात पुढे जातात, अनुभवाने सांगतो. गिंबल माझा घेऊन जा, भाडं नको.

ढोलकी_प्रेमी:
हलगी-ढोलकी प्रत्यक्ष, हे फार चांगलं केलंत. नऊवारीचा तेवढा विचार करा.

वायरमन_दीपक:
मी मेढ्याला असतो, वाई जवळच. थर्माकोल आणि दोन स्टँड घेऊन येतो, तारीख कळव ताई. चौकात ऊन सकाळी येतं की दुपारी तेवढं आधी बघून ठेव.