मदत हवी आहे: गेमिंग लॅपटॉप तापतो, थर्मल पेस्ट कुठे बदलून घेऊ?

नेरूळला पीजीत राहतो. लॅपटॉप वॉरंटीबाहेर गेलाय. गेम सुरू केला की थोडा वेळ मस्त चालतो, मग प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वरून थेट २५ वर. कॅमेरा फिरवला की चित्र अडखळतं, नेम लागतच नाही. कोडिंग, ब्राउझिंगला काही त्रास नाही.

मागचं कव्हर उघडून पंख्यांतली धूळ ब्रशने काढली, दोन्ही पंखे नीट फिरतात. लॅपटॉप मागून उचलून ठेवतो. पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली. त्याने टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, तापमान उतरतं, पण मोठ्या लढाईत फ्रेम्स पुन्हा ढेपाळतात. अंडरव्होल्टिंग (प्रोसेसरला कमी व्होल्टेज देणं) बायोसमध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्येच, लॉक आहे. खोलीत एसी नाही, आणि इथली दमट हवा तुम्हाला माहीत आहेच.

कूलिंग पॅडवर माझा विश्वास नाही, आवाजच जास्त. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट वाळली असावी असं वाटतं. बजेट दीड हजार. परीक्षा तोंडावर आहे, त्यामुळे लॅपटॉप दुकानात ठेवून येणं जमणार नाही.

वाशी, नेरूळ किंवा ठाण्यात समोर बसून पेस्ट बदलून देणारं खात्रीचं दुकान कोणतं? आणि ज्यांनी बदलून घेतली, त्यांचं तापमान गेम चालू असताना किती अंशांनी उतरलं?