जिप्सीचे मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून लिंक-कॉइल बसवायचंय, सल्ला हवा

लातूरकर_जिप्सी
नमस्कार मंडळी. एमपीएफआय (इंधन इंजेक्शनवाली) जिप्सी किंग आहे, फक्त ऑटोक्रॉससाठी (मैदानात आखलेल्या ट्रॅकवरची वेळेची शर्यत) तयार करायलो. इंजिनचं काम झालंय. पण वळणातून निघताना जोरात रेस दिली की मागचं अ‍ॅक्सल पाट्यांवर पिळतं आणि चाकं थडथड उडतात. पाटे काढून फोर-लिंक (चार आर्मवर धरलेलं सस्पेन्शन) आणि कॉइलओव्हर (शॉकअपवरच चढवलेली कॉइल स्प्रिंग) करावं म्हणतो. इथल्या एमआयडीसीत वेल्डिंगवाले हात चांगले आहेत, पण ते अवजारं आणि टाक्या करणारे. रचना कोणती घ्यावी? पाईप कोणता? स्प्रिंग किती कडक?

नांदेडचा_मेकॅनिक
भाऊ, आधी पाटे राहू द्या. तुम्ही सांगता तो त्रास अ‍ॅक्सल पिळण्याचाच आहे. त्याला अ‍ॅक्सलपासून चेसीपर्यंत एक टॉर्क रॉड पुरतो. चेसीकडचं टोक शॅकलवर (झुलत्या कडीवर) लटकवा, नाहीतर पाटे लांब होताना रॉड अडवेल. खर्च थोडा आणि काम परत काढता येतं.

वाळूज_फॅब्रिकेटर
नांदेडकरांचं म्हणणं रास्त आहे, पहिली पायरी तीच. तरीही पाटे काढायचेच असतील तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. पाटे गाडी तोलतात आणि अ‍ॅक्सल जागेवरही धरतात. कॉइल फक्त तोलते. पुढं-मागं, आडवं आणि पिळणं, हे तिन्ही आता तुझ्या आर्मना धरायचंय. म्हणून आधी आर्म ठरव, स्प्रिंग नंतर.

मी फोर-लिंकऐवजी थ्री-लिंक सांगेन. खाली दोन आर्म, वर एक, आणि मागचा सांगाडा बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड. समांतर फोर-लिंक गाडी कलली की रबर बुशमध्ये अडकते आणि तो ताण ब्रॅकेटवर येतो. थ्री-लिंकला ती अडचण नाही. मात्र पिळण्याचा सगळा जोर एकट्या वरच्या आर्मवर येतो. रेस देताना तो ताणला जातो, ब्रेकला दाबला जातो. अ‍ॅक्सलवर वरच्या आणि खालच्या आर्ममध्ये उभं अंतर जितकं जास्त, तितका हा जोर कमी. त्यासाठी फ्लोअर कापावा लागला तरी काप. वरच्या आर्मच्या चेसीकडच्या ब्रॅकेटला तीन-चार भोकं ठेव, म्हणजे रेस देताना गाडी मागं किती बसते ते ट्रॅकवर बदलून बघता येईल. पॅनहार्ड होईल तितका लांब आणि गाडी उभी असताना आडवा सरळ हवा. आखूड रॉड अ‍ॅक्सलला कमानीत फिरवून बाजूला ढकलतो.

पाईप सीमलेसच घे. खालच्या आर्मला बाहेरून 38 मिमी, जाडी 5 मिमी. जीआय पाईप अजिबात नको, जस्ताचा धूरही वाईट. ब्रॅकेट 6 मिमी प्लेटचे आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंनी. बोल्ट 10.9 ग्रेडचा, आणि कापणारा जोर त्याच्या गुळगुळीत भागावर यावा, आट्यांवर नको. रोज जॉइंट (धातूच्या गोळीचे सांधे) आपल्या काळ्या मातीच्या धुळीत लवकर ढिले होतात. खालच्या आर्मला रबर बुश आणि पॅनहार्डला तेवढा बूटसकट रोज जॉइंट, असं बरं पडतं.

जिगसाठी (वेल्डिंग करताना माप धरून ठेवणाऱ्या साच्यासाठी) वाळूजला यायची गरज नाही. जाड चॅनेलवर अ‍ॅक्सल बसवून टॅक मारा. आतले चाकांचे शाफ्ट काढून, छोटे छोटे टाके आलटून पालटून घ्या. एका दमात ओढलं की हाउसिंग वाकतं आणि मग बेअरिंग खातं. सीओटू वेल्डिंग चालेल, पण वेल्डरला आधी दोन तुकडे जोडून, कापून दाखवायला सांग. आत मुरलंय का ते तिथंच कळतं. चेसीला हात लावण्याआधी पेट्रोलची टाकी उतरव.

जालना_कॉइलवाला
स्प्रिंगचं गणित सोपं आहे, अंदाजानं घेऊ नका. मोंढ्याजवळच्या किंवा जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडीची फक्त मागची चाकं चढवा, तुम्ही आत बसून. समजा 460 किलो आले. अ‍ॅक्सल, चाकं, ब्रेक मिळून 100 किलो वजा करा. राहिले 360, म्हणजे एका बाजूला 180. खराब मैदानासाठी सेकंदाला 1.8 हेलकावे धरले तर अ‍ॅक्सलवर सरळ उभी स्प्रिंग 23 न्यूटन प्रति मिमीच्या आसपास येते. कॉइलओव्हर 30 अंश तिरका लावला तर उपयोग पाऊणच होतो, मग स्प्रिंग 31 ची लागेल. आधी वजन घ्या, मग ऑर्डर द्या.

परभणी_पोर
दादा, गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रेलरवरून न्या. आणि तुमच्या गटात सस्पेन्शनचा प्रकार बदलायला मुभा आहे का, ते एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटार शर्यतींच्या संघटनेच्या) चालू वर्षाच्या नियमात आधी बघा.

लातूरकर_जिप्सी
सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्क रॉड आधी बसवतो, आणि वजनही काट्यावर घेतो. नियमात मुभा असली तर थ्री-लिंकचं माप कार्डबोर्डवर कापून इथं फोटो टाकतो.

वाळूज_फॅब्रिकेटर
फोटो टाकताना अ‍ॅक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन्हीचे टाक. पूर्ण खाली असताना ब्रेकचा होज ताणतो का आणि प्रोपेलर शाफ्टची स्लाइड निसटते का, ते मला बघायचंय. वरचा बम्प स्टॉप (रबरी अडथळा) आणि खाली जाणं रोखणारी पट्टी त्यावरून ठरवू.