चढणीचे मासे पाहुण्यांच्या ताटात वाढावेत का?

टिळकवाडीकर

गेल्या जूनमध्ये सासू-सासरे, नणंद, तिची दोन मुलं आणि आम्ही तिघं असे सगळे मिळून कणकुंबीच्या अलीकडे एका घरी दोन रात्री राहिलो. बेळगावहून जांभोटीमार्गे गेलो. जेवण असं होतं की सासूबाईंनी दोन्ही वेळा भाकरी मागून घेतली. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कोवळ्या टाकळ्याची भाजी, वाटीभर सोलकढी. रात्री घरच्यांनी अंगणातले दिवे घालवले आणि समोरचं अख्खं झाड काजव्यांनी लुकलुकायला लागलं. भाचा तासभर एक शब्द बोलला नाही. सात वर्षांच्या पोराचं हे विशेषच.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरमालक अर्धं पोतं मासे घेऊन आले. रात्री वहाळाला, म्हणजे ओढ्याला, पहिला लोंढा आला होता आणि मासे चढले होते. बहुतेकांची पोटं गाबोळीने टम्म. दुपारी आमच्याशिवाय आणखी चार गाड्या जेवायला आल्या, ‘चढणीचे मासे आहेत का’ असं विचारतच. मीही खाल्ले. चव विसरणार नाही. पण रात्री पोत्यातली ती पोटं डोळ्यांसमोरून हलेनात. हे मासे अंडी घालायलाच तर वर येतात!

माझं म्हणणं एवढंच आहे. गावातल्यांनी आपल्या घरापुरते खावेत, त्यावर बोलण्याचा मला हक्क नाही. पण पैसे घेऊन पाहुण्यांना हे मासे वाढू नयेत, आणि आपण पाहुण्यांनी ते मागू नयेत.

मलप्रभेचा

ताई, आमच्या पोटावर कशाला येताय? मिरग निघाला, पयला दणका पाऊस झाला की वहाळात उतरायचं हे आमच्या आजा-पणजापासनं हाय. वर्षातनं दोन-तीन रात्रीच. एरवी वहाळात पोटरीभर पानी.

मासा आमच्या भाकरीनं कमी झाला म्हनता? सौंदत्तीच्या अंगाला नविलुतीर्थाचं धरण 1972 ला झालं. ही मलप्रभा नदी आमच्या कणकुंबीच्या माउलीच्या देवळापाशी जन्मती, तिकडं धरणात अडती. खालचा मासा वर यायचा कसा? मग शेतात औषधं आली. कालव्यासाठी डोंगर उकरला, ती माती पावसात वहाळात आली. त्याच्यावर कुनी लिवत न्हाई.

माझं थोरलं पोरगं गोव्याला हॉटेलात भांडी घासायला निघालं होतं. पावसाळ्यात घरी जेवनं सुरू केली म्हनून थांबलं. मासा हाय म्हनून गाड्या थांबतात. पिठल्यासाठी बेळगावास्नं कोन येतंय?

चंदगडी

मलप्रभेचा दादा, तुमचं दुखणं खरं आहे. धरणाचंही खरं आहे. पण मी तुमच्या पलीकडच्या डोंगरातला, आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

मी लहान असताना वडील आणि दोन चुलते मिळून कामट्यांचा सापळा लावायचे. माणसं तीन, सापळा एक. टोपलीभर झालं की उचलायचे, कारण जास्तीचं ठेवायचं कुठे? आता प्रत्येक घरात फ्रीज आहे, डोक्याला लावायची बॅटरी आहे आणि हॉटेलवाल्याचा फोन आहे. त्याच रात्री, त्याच वहाळात वीस माणसं. मागच्या काही वर्षांत तर ब्लीचिंग पावडर टाकणारेही निघाले. त्याने बोटाएवढी पिल्लंसुद्धा उलटी होतात.

मासा वर का चढतो? पावसाने भरलेल्या खाचरात उथळ पाणी असतं, चिखलात किडे-शेवाळ असतं, पिल्लं खाणारा मोठा मासा तिथे पोचत नाही. पिल्लांना वाढायला ती जागा लागते. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, ती वर पोचायच्या आदल्या रात्री आपण तिला धरतो. कारवारला समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद असतात त्या याच कारणासाठी. दर्यावर्दी माणूस 61 दिवस होडी किनाऱ्याला लावतो, आपल्याला दोन रात्री थांबायला जड का जावं?

आजोबांची रीत म्हणता, तर आजोबांची टोपलीही पाळायला हवी.

ओटीवरची चूल

मी जांभोटी भागात घरी जेवण करून देते, म्हणून लिहिते. टिळकवाडीकर ताई, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण पाहुणे काय काय मागतात ते तुम्हाला माहीत नाही. ‘वहिनी, रानडुक्कर मिळेल का?’ हे हळू आवाजात विचारणारे दर महिन्याला येतात, सोबत बायका-पोरं असताना. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. मी त्यांना सरळ सांगते, की माझ्या घरात हे विचारायचं नाही. दोन गाड्या परत गेल्या. जाऊ देत.

दुसऱ्या टोकाचे पनीर मागतात. डोंगरात येऊन पनीर!

मासे मी गेल्या वर्षापासून जूनमध्ये बंद केले. त्याऐवजी काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाची भाजी, गावठी कोंबडीचा रस्सा, भाजलेल्या सुक्या बांगड्याची किसमूर. लोक बोटं चाटून जातात. पण खोटं बोलणार नाही, थाळीमागे मला आता कमी मिळतं, कारण आमटीची थाळी माशाच्या भावात घ्यायला कोणी तयार नसतं. ‘वहिनी, वाटाण्याला एवढे?’ असं म्हणतात. तो वाटाणा मी आदल्या रात्री भिजवलेला असतो, खोबरं चुलीवर भाजून पाट्यावर वाटलेलं असतं, ते कुणी मोजत नाही. मासे बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

वनवाटा

मला धागाकर्तीचं म्हणणंच अर्धवट वाटतं. मासेच का? अळंबीचं काय? पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या रस्त्यावर पानात बांधलेल्या अळंबीपुढे गाड्यांची रांग लागते. ही अळंबी वारुळात वाळवीने जोपासलेल्या बुरशीतून येते. घरात लावू म्हटलं तर येत नाही. आणि गिऱ्हाइकाला कळीच हवी असते, छत्री उघडलेली नको. छत्री उघडलीच नाही तर बीज पडणार कुठून?

शिवाय इथलं भीमगड अभयारण्य 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटर. त्या हद्दीत परवानगीशिवाय मासा, मध, अळंबी काहीही काढणं गुन्हा आहे. हे रान म्हणजे आपल्या सहलीची शिदोरी नव्हे. म्हादई नदी इथूनच गोव्याकडे उतरते. इथल्याच बारापेडेच्या गुहेत रॉटनची वटवाघळं ही दुर्मीळ जात राहते. ही जात 1913 साली जगाला कळली आणि पुढे कित्येक दशकं या एका गुहेशिवाय कुठेच ठाऊक नव्हती. तिथेही लोक मुलांना घेऊन टॉर्च मारायला जाऊ बघतात. माझ्या मते जंगलातलं काहीच विकू नये. शेतातलं आणि परड्यातलं वाढा, तेच खूप आहे.

मलप्रभेचा

वनवाटा साहेब, वारूळ आमी फोडत न्हाई. अळंबी बुडाशी हळू पिरगाळून घ्यायची, आत हात घालायचा न्हाई, म्हातारी पयलं हेच शिकवती. चार-दोन तशीच सोडायची, फुलू द्यायची. गाडीतनं उतरून रानात घुसनारे मुळासकट उपटतात, त्यांना सांगा.

आनि कायदा आमास्नी सांगू नका, तो आमी रोज भोगतोय. अभयारण्यातल्या गावास्नी पावसात रस्ता न्हाई, आजारी मानूस खांद्यावर घालून आनावा लागतोय. तळेवाडीच्या घरास्नी उठून जायला पंधरा-पंधरा लाख रुपये द्यायचं ठरलं. पिढ्यान्‌पिढ्या रान राखलं त्यानं उठायचं, आनि शनिवारी येनाऱ्यानं काजवे बघायचे. हे माझ्या मनाला पटत न्हाई.

चंदगडी भावा, तुजं टोपलीचं बोलनं मात्र मनाला लागलं. आमच्या वहाळातबी गर्दी झालीया, ते खोटं कशाला बोलू. पावडर टाकनाऱ्याला आमी गावात धरून आनला हुता.

टिळकवाडीकर

ओटीवरची चूल वहिनी, तुमचा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता, हे कबूल करते. कुंद्याच्या डब्याला आम्ही बेळगावकर कधी भाव करत नाही, आणि पाट्यावर वाटलेल्या आमटीला करतो. या जूनला आम्ही नऊजण येऊ. जेवण तुमच्याकडे, माशाच्या थाळीच्या भावातच आमटीची थाळी, आणि सासूबाईंना किसमूर जास्तीची.

वनवाटा, सगळंच बंद करा हे मला मान्य नाही. टाकळा आणि भारंगी खाल्ल्याने कुणाचा वंश बुडत नाही. उलट माझ्या मुलीने भारंगीची फुलं पहिल्यांदा ताटात पाहिली आणि मग रानात ओळखली.

मलप्रभेचा दादा, मासे विकू नयेत यावर मी अजून ठाम आहे. पण मुलांना चढण बघायची आहे. पाण्याच्या उलट दिशेला उड्या मारत जाणारा मासा त्यांनी पाहिला तर ती रात्र जन्मभर आठवेल. रात्री वहाळावर नेऊन फक्त दाखवाल का? त्याचे पैसे जेवणाइतकेच देऊ.

मलप्रभेचा

आना पोरास्नी. बॅटरी नको, कंदील पुरे. पायात बूट घाला, जळवा असतात, तंबाखूचं पानी लावून देतो.

पैसे घेईन, पोरगंबी वाट दाखवायला येईल. पन आधीच सांगून ठेवतो, त्या दिवशी घरच्या चुलीवर आमच्यापुरता मासा शिजलेला असनार. विकनार न्हाई. पन तुमच्या पोरानं वास घेऊन मागितला, तर माझी म्हातारी त्याला न्हाई म्हननार न्हाई, आनि मीबी तिला अडवनार न्हाई.