‘ओरिएंटेशन’साठी दिशा, कल की अभिमुखता?

प्रश्न: व्हिडिओतील हलत्या वस्तूंचे ट्रॅकिंग करून त्यांचे ओरिएंटेशन संगणक कसे ठरवतो, यावर मराठीत टिपण लिहीत आहे. ‘पाठलाग’ आणि ‘दिशा’ हे शब्द चालतील का?

उत्तर: ‘दिशा’ पुरत नाही, कारण वस्तू कोणीकडे जाते आणि तिचे तोंड कोणीकडे आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चर्चगेटला आलेली लोकल न वळता उलट निघते तेव्हा तिच्या गतीची दिशा १८० अंशांनी बदलते. गाडी मात्र रुळांवर तशीच उभी असते आणि चर्चगेटकडचा डबा चर्चगेटकडेच राहतो. ससून डॉकजवळ नांगरलेली होडी ओहोटीबरोबर जागच्या जागी फिरते, तिथे नेमके याच्या उलट घडते. शालेय विज्ञानात ‘चाल’ आणि ‘वेग’ यांतला फरक दिशेनेच सांगितलेला असल्यामुळे ‘दिशा’ वाचताच वाचकाला वेगाची दिशा आठवणार. ‘कल’ हा तर केवळ झुकाव झाला. विमानाचे नाक वर-खाली होणे व पंख तिरपे होणे त्यात बसेल, डावी-उजवीकडे वळणे बसणार नाही. (शिवाय मतमोजणीच्या दिवशी तो शब्द वाहिन्यांच्या ताब्यात असतो.) जड वाटला तरी ‘अभिमुखता’च घ्यावा.

आणखी एक मत: ‘अभिमुखता’ मान्य आहे, फक्त तिथे एक खुलासा हवा. लोकलची दोन्ही टोके सारखीच दिसत असल्याने एकाच चित्रावरून पुढचे टोक कोणते, हे संगणकाला सांगता येत नाही. मुख ठरवायला आधीच्या चित्रांचा आधार लागतो.

‘पाठलाग’ मात्र नको. पाठलाग करणारा स्वतः धावतो, खांबावरचा कॅमेरा जागचा हलत नाही. प्रत्येक चित्रात टॅक्सी सापडणे हा ‘शोध’. ही मघाचीच टॅक्सी आहे हे ओळखत राहणे म्हणजे ‘माग ठेवणे’. टॅक्सी बसच्या आड गेली तरी माग सुटू नये म्हणून गणितज्ञ-अभियंता रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेली गणिती गाळणी (‘फिल्टर’) वापरतात: शेवटचे स्थान आणि वेग यांवरून पुढचे स्थान वर्तवायचे व टॅक्सी पुन्हा दिसताच ते सुधारायचे. हे पुराव्यावरून केलेले असल्यामुळे ‘अंदाज’पेक्षा ‘अनुमान’ बरे. स्थान व अभिमुखता मिळून होणाऱ्या ‘पोझ’ला ‘स्थिती’ म्हणू नये. काल्मन यांच्या ‘स्टेट’साठी (गाळणी ज्यांचा माग ठेवते त्या स्थान, वेग अशा राशींसाठी) तो शब्द लागेल, तेव्हा ‘पोझ’ तसाच ठेवावा.